पानावरचा खडू

व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचं लांब पान दोन बोटांत धरून खालून वर ओढलं, तर बोटांना काहीतरी पांढरं, खरखरीत लागलं. 31 वर्षं रोज खडू हातात धरलेला, त्यामुळे तो स्पर्श लगेच ओळखू आला. पान पाण्याबाहेर काढलं, बशीत ठेवलं आणि वर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे फसफसत वर आले. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. जिवंत पानावर, पाण्याखाली, माझ्या बैठकीतल्या टाकीत खडू तयार होत होता.

त्या दिवसापासून मी झाडांकडे बघायच्या आधी पाण्याकडे बघायला लागले. हे सगळं लिहायचं कारणही तेच. पाणवनस्पतींची टाकी लावायची म्हटलं की लोक माती कुठली, दिवा कुठला, खत कुठलं हे विचारतात. आपल्या नळाला काय येतं हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, आणि त्यात माझं सबंध वर्ष गेलं.

टाकी भाच्याची. नोकरीसाठी हैदराबादला निघाला तेव्हा म्हणाला, "मावशी, हिला तुझ्याकडेच ठेव, विकायला जीव होत नाही." दोन फूट लांब, एक फूट रुंद, सवा फूट उंच. हिशेब केला तर अडीच घनफूट, म्हणजे 70 लिटर. माती, वाळू आणि लाकूड वजा जाता पाणी मावतं 55 लिटरच्या आसपास. भरल्यावर वजन शंभर किलोच्या घरात जातं, म्हणून टेबलाचा विचारच केला नाही. ओटा बदलला तेव्हाचा कडप्पा गच्चीवर पडून होता. ह्यांनी भिंतीलगत विटांचे दोन खांब करून तो बसवून घेतला, वर थर्माकोलची शीट घातली आणि मग टाकी ठेवली. कडप्पा पाणसळ लावून बसवला होता, ते फार बरं झालं. टाकी जराशी जरी कलती राहिली तरी काचेच्या सांध्यांवर ताण येतो.

पहिल्या खेपेला माती मी चुकीची घातली. गच्चीवरच्या गुलाबाच्या कुंडीतली, शेणखत मिसळलेली माती होती ती. आठ दिवसांत पाणी चहासारखं झालं, तळातून बुडबुडे यायला लागले आणि तीन गप्पी गेले. ते तीन मासे माझ्या घाईमुळे गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. शेणखतातून पाण्यात अमोनिया सुटतो. त्याला खाणारे जिवाणू नव्या टाकीत अजून जमलेलेच नसतात. आधी एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. वर्गात नायट्रोजनचं चक्र फळ्यावर बाणांनी काढायची मला इतकी सवय होती की त्या बाणांनाही वेळ लागतो, हे कधी मनातच आलं नाही.

सगळं उपसलं. दुसऱ्यांदा खत न घातलेली साधी बागेची माती चाळून घेतली. पाण्यात भिजवून वर तरंगणारा काडीकचरा काढला, वाळवली, पुन्हा भिजवली, असं तीनदा. तिचा थर जेमतेम एक इंच. वर दीड इंच भरड वाळू. बांधकामाला ओरसंग नदीची वाळू येते, तीच आमच्या बिल्डिंगच्या डागडुजीतून उरली होती. मासळीच्या डोळ्याएवढे कण वेगळे चाळून घेतले आणि पाणी निवळ येईपर्यंत धुतले. टाकीत आधीपासून संगमरवराचे पांढरे खडे होते, ते काढून टाकले. एका खड्यावर व्हिनेगर टाकलं तर तो फसफसला. दगड असो की वाळू, आत जाण्यापूर्वी व्हिनेगरचा एक थेंब टाकून बघावा. फसफसलं तर तो दगड पाण्यात हळूहळू चुना सोडत राहणार.

मग पाच आठवडे मासे नाहीत. फक्त झाडं, फिल्टर, आणि दर तीन दिवसांनी अमोनियाची चाचणी. घरी येणारे विचारायचे, "मासे कुठे आहेत?" मी झाडं दाखवायची.

आता पाण्याबद्दल. मी लहानाची मोठी झाले बडोद्यात, दांडिया बाजारात, सूरसागरापासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे पाणी म्हणजे आजव्याचं पाणी. सयाजीराव महाराजांनी बांधून घेतलेलं आजवा सरोवर 1892 पासून या शहराला पाणी पाजतंय, आणि ते उताराने, आपल्या वजनाने शहरापर्यंत येतं. आजोबा त्याला 'गोडं पाणी' म्हणायचे. पुढे शहर वाढलं, मही नदीच्या पात्रात फ्रेंच विहिरी (वाळूखालचं पाणी उपसणाऱ्या) झाल्या, तिचंही पाणी यायला लागलं. लग्नानंतर आम्ही कारेलीबागेत आलो. इथे सोसायटीला बोअर आहे. कॉर्पोरेशनचं पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं, ते खालच्या हौदात पडतं. कमी पडलं की वॉचमन बोअर चालू करतो आणि दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत चढतं. तेव्हा माझ्या नळाला रोज काय येतं, हे त्या दिवशी कोणाकडे पाहुणे आले, किती कपडे धुतले, यावर ठरतं.

आर.ओ.वाल्या मुलाकडे पेनासारखं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र असतं, तसं एक मी घेतलं. सकाळी आठला खालच्या हौदातल्या नळाचं पाणी मोजलं: लिटरला 210 मिलिग्रॅम. त्याच दिवशी दुपारी गच्चीवरून येणारं: 640. उन्हाळ्यातल्या एका रविवारी 880. मी दर आठवड्याला 'पाणी बदलते आहे' अशा समजुतीत एका जातीचं पाणी काढून दुसऱ्या जातीचं ओतत होते. त्यात आठवड्याभरात उडालेल्या पाण्याची भरपाईही नळाच्याच पाण्याने. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागेच राहतात. काचेवरची पांढरी रेघ दर महिन्याला जाड होत होती आणि मी ती ब्लेडने खरवडून काढत होते.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, त्यात मीठही आलं. झाडांना खरा फरक पडतो तो दोन गोष्टींनी: कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती, आणि बायकार्बोनेट किती. त्यासाठी थेंब मोजायची चाचणी मिळते. बाटलीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकत जायचं, रंग कितव्या थेंबाला पालटतो ते मोजायचं. माझ्या टाकीत बायकार्बोनेट खूप निघाले.

आणि इथे मला माझाच धडा आठवला. हायड्रिलाचा प्रयोग. चंचुपात्रात हायड्रिलाच्या डहाळ्या, कापलेलं टोक वरच्या दिशेला, त्यावर उपडं नरसाळं, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी, आणि सगळं उन्हात. नळीत ऑक्सिजन जमतो, विझत आलेली काडी आत धरली की पुन्हा पेटते. मी गुजराती माध्यमात शिकवायची, पण 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द दोन्ही भाषांत एकच, त्यामुळे घरी-शाळेत जिभेला वेगळं वळण लागलं नाही. दर वर्षी मी मुलांना सांगायची, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, बुडबुडे वाढतील. का, असं कोणी विचारलं तर उत्तर तयार असायचं: सोड्यातून कार्बन डायऑक्साइड मिळतो. ते उत्तर अर्धंच होतं. सोडा म्हणजेच बायकार्बोनेट, आणि हायड्रिला ते थेट वापरू शकते. पाण्यातला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड संपला की ती बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेते. त्यात पानालगतचं पाणी आम्लारिधर्मी होतं, आणि कॅल्शियम तिथल्या तिथे कार्बोनेट होऊन पानावर बसतं. व्हॅलिस्नेरियाही हेच करते. माझ्या बोटाला लागलेला खडू हा त्या झाडाच्या जेवणाचा उरलेला भाग होता.

सगळ्या पाणवनस्पतींना हे जमत नाही. मॉससारख्या अनेकांना विरघळलेला कार्बन डायऑक्साइडच लागतो. बहुधा म्हणूनच माझी साडेतीनशे रुपयांची लाल रोटाला तीन आठवड्यांत खालून उघडी पडत गेली, वर फक्त शेंडे राहिले, तेही फिकट. काचेच्या टाकीत बागा फुलवणारे जपानचे ताकाशी आमानो, त्यांच्या टाक्यांचे फोटो बघून मी तळाला गालिचा करणारं बारीक पानांचं रोप लावलं होतं, तेही गेलं. त्यांच्या टाक्यांत पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असायचं आणि सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडलेला असायचा. मी माझ्या कठीण पाण्यात तीच झाडं मागत होते.

कार्बन डायऑक्साइड द्यायचा प्रयत्नही केला. दोन लिटरची बाटली, साखर, पाव चमचा यीस्ट, आणि सलाईनची नळी. पहिले चार दिवस झाडं खरोखर तरारली. पण बाटलीला रात्र कळत नाही. रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात, वर बाटली गॅस सोडतच राहते. पाचव्या दिवशी पहाटे दिवा लावला तर सगळे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून उभे. मी नळी उपसून काढली आणि तांब्यातांब्याने वरून पाणी ओतलं. बाटली त्याच दिवशी धुऊन ठेवून दिली. ज्यांच्याकडे दाब कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह आणि टायमर आहे, त्यांनी जरूर द्यावा. माझ्या घरात तो मार्ग मी बंद केला.

मग झाडं पाण्याला जुळणारी निवडली. मागे व्हॅलिस्नेरियाची रांग, एका कोपऱ्यात हायड्रिला. लाकडाला दोऱ्याने बांधलेली अन्यूबियास आणि जावा फर्न. यांचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं की कुजतं. मध्ये क्रिप्टोकोरिन. आणि समोर ब्राह्मी! आपण तेलात घालतो तीच, बॅकोपा मोनिएरी. दुकानात परदेशी नावाने मिळते, मी नर्सरीतून 30 रुपयांची कुंडी आणली. फवारणी केलेली असेल म्हणून मुळं धुऊन दोन आठवडे बादलीत ठेवली, पाणी बदलत राहिले. हवेत वाढलेली जाड पानं पाण्याखाली गळाली आणि नवी पातळ, हलकी हिरवी आली. आज तीच माझ्या टाकीतली सगळ्यात देखणी ओळ आहे.

क्रिप्टोकोरिनबद्दल नव्या लोकांना जीव तोडून सांगते: उपटू नका. लावल्यावर दहाव्या दिवशी तिची सगळी पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. हात लावला की लगदा. ह्यांनी सांगितलं, "काढून टाक, पाणी घाण करेल." मी फक्त लगदा नळीने ओढून घेतला आणि मुळं तशीच ठेवली. 23 दिवसांनी वाळूतून तपकिरी रंगाचा, गुंडाळलेला, गव्हाच्या दाण्याएवढा कोंब दिसला. पाणी किंवा जागा बदलली की ती जुनी पानं टाकते. मुळांत जीव असतो.

पाण्याची बाजूही सुधारली. बदलायचं पाणी मी आता फक्त सकाळी आठला हौदाच्या नळावरून भरते, दोन बादल्या, आणि 24 तास उघड्या ठेवते म्हणजे क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर क्लोरीन मारणारा हायपोचा स्फटिक. उडालेल्या पाण्याची भरपाई मात्र आर.ओ.च्या पाण्याने, आणि पावसाळ्यात गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याने. पावसाची पहिली वीस मिनिटं सोडून द्यायची, मग पातेलं मांडायचं. चार महिन्यांत काचेवरची रेघ वाढायची थांबली.

दिव्याचं थोडक्यात. सुरुवातीला मी 11 तास ठेवायची आणि हिरव्या केसांसारखं शेवाळ झाडांना गळफास लावायचं. जुन्या टूथब्रशवर शेवया गुंडाळाव्यात तसं ते काढावं लागायचं. आता 11 ते 2 आणि 5 ते 9, टायमरवर. मधल्या तीन तासांत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड थोडा भरून येतो. शेवाळ आहे, पण काचेच्या कोपऱ्यापुरतं.

खत मी शेतीच्या दुकानातून आणते. 13-0-45, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ठिबकवाले शेतकरी वापरतात तेच. 55 लिटरमध्ये एक ग्रॅम टाकलं तर नायट्रेट लिटरला 11 मिलिग्रॅमने वाढतं. मी आठवड्याला अर्धा ग्रॅम घालते. अमुक दिवशी अमुक चमचा असं ठरवण्यापेक्षा पानं वाचावीत. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम कमी. जुनी पानं पिवळी, तर नायट्रोजन. झाड तो जुन्या पानातून काढून कोंबाकडे नेतं. नवीच पानं फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह. ते झाडाला हलवता येत नाही. कठीण पाण्यात लोह लवकर साकळून जातं, म्हणून खताच्या पुडीवर ईडीटीएऐवजी डीटीपीए लिहिलेलं मागावं; ही दोन्ही लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारी रसायनं.

मासे आठ, झेब्रा डॅनिओ. आपल्याच देशातल्या ओढ्यांतले, कठीण पाणी सोसणारे, अखंड पळणारे. एवढ्या पाण्यात आणखी मासे मावतील असं सगळे सांगतात. मी वाढवले नाहीत, आणि ऑगस्ट 2024 मध्ये त्याचा उपयोग झाला.

गोकुळाष्टमी 26 तारखेला होती. दोन दिवसांपासून पाऊस थांबत नव्हता, वरून आजव्याचं पाणी आणि पावागढकडून येणारी विश्वामित्री. धोक्याची पातळी 26 फूट, नदी 35च्या वर गेली. सोमवारी रात्री आमचे लाईट गेले. सकाळी खिडकीतून पाहिलं तर पार्किंगमधल्या स्कूटरचे फक्त आरसे दिसत होते. शहरात रस्त्यांवर मगरी फिरत होत्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. पाणी नाही, दूध नाही, मोबाइलची बॅटरी संपत आलेली. अशा वेळी माशांचं काय बोलायचं, म्हणून मी कोणाला काही बोलले नाही. पण आठ जीव माझ्या भरवशावर होते.

फिल्टर बंद पडला की त्यातले जिवाणू काही तासांत गुदमरायला लागतात, म्हणून स्पंज काढून टाकीच्याच पाण्यात, पसरट टबात ठेवला. खाणं बंद, डॅनिओ चार दिवस उपाशी सहज राहतात. वर तरंगणारा हायड्रिलाचा गुंता काढला, म्हणजे पाण्याचा माथा मोकळा झाला. पडदे पूर्ण उघडले, ढगाळ का असेना, जेवढा उजेड मिळेल तेवढा झाडांना. पाण्याची पातळी दोन इंच उतरवली आणि दर तासाला तांब्याने पाणी उचलून वीतभर उंचीवरून ओतायचं, वीस तांबे. खरी भीती रात्रीची होती. मी बारापर्यंत जागायची, दोनला हे उठायचे, पहाटे पुन्हा मी. 'काढून टाक' म्हणणारे हेच, मेणबत्ती डाव्या हातात धरून उजव्या हाताने तांबे मोजत होते. पहिल्या रात्रीनंतर मला म्हणाले, "तो शेपटी तुटलेला आहे ना, तो ठीक आहे."

गुरुवारी सकाळी लाईट आले. फिल्टर लगेच चालू करायचा नाही. आत अडकलेलं पाणी सडलेलं असतं. ते ओतून दिलं, भांडं धुतलं, स्पंज बसवला, मग बटण दाबलं. आठही मासे होते. क्रिप्टोकोरिनने पुन्हा दोन पानं टाकली, ती मी ओढून घेतली. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप गणपतीच्या आधीच आणला.

छाटलेल्या हायड्रिलाचं काय करायचं हा प्रश्न दर रविवारी असतो. तळ्यात, नदीत काहीही टाकायचं नाही, झाड नाही आणि मासा तर मुळीच नाही. कंटाळा आला म्हणून लोक परदेशी सकरफिश तलावात सोडतात, आणि ते आपल्या माशांचं अन्न आणि जागा खातात. याचा मला मनापासून राग येतो. मी हायड्रिला कंपोस्टमध्ये घालते. एक जुडी मात्र ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तिसऱ्या मजल्यावरच्या दहावीतल्या मुलीला देते.

गेल्या रविवारी तिने माझ्याच स्वयंपाकघरात प्रयोग मांडला. दोन काचेचे ग्लास, एकात आर.ओ.चं पाणी, एकात टाकीतलं, दोन्हींत सारख्या लांबीची डहाळी, कापलेलं टोक वर. ग्लास खिडकीत ठेवले. काचेला चिकटलेले बुडबुडे मोजू नकोस, असं मी तिला सांगितलं. गार पाणी तापलं की विरघळलेली हवाच तशी बाहेर येते. देठाच्या टोकातून एकामागोमाग सुटणारे तेवढे मोज. ती मोबाइलवर मिनिट लावून ओठांतल्या ओठांत मोजत बसली. आर.ओ.च्या पाण्यात 6. टाकीच्या पाण्यात 23. तिने वहीत लिहिलं, ग्लासांच्या जागा बदलल्या, उन्हाचा फरक नको म्हणून, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.